ओठांचे माप

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शासकीय सेवेत मी नुकताच स्थिरावत होतो, आणि एका जिल्ह्याच्या ठिकाणी खरेदी व भांडार यांचे काम माझ्याकडे आले होते. एके दिवशी टेबलावर जी प्रकरणे आली, त्यांत तेथील एका शासकीय वाद्यवृंदाच्या सामग्रीचे प्रकरण होते. जुनी पितळी वाद्ये दुरुस्त करून घ्यावयाची, काही नवी घ्यावयाची, असा तो प्रस्ताव. त्यातील एका ओळीत नमूद होते : कॉर्नेट व ट्रंपेट यांसाठी माउथपीस, नग चौदा, एकाच मापाचे.

प्रकरणावर सही होण्यापूर्वी वाद्यवृंदाचे बँडमास्तर मला भेटावयास आले. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांनी खिशातून एक मोठा रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि टेबलावर काळवंडलेले, मुलामा उडालेले चौदा माउथपीस ओळीने मांडले. मग एकेकावर बोट ठेवून हा कोणाचा, तो कोणाचा, हे ते सांगू लागले. मी म्हणालो, “मास्तर, हे तर सगळे सारखेच दिसतात.” ते म्हणाले, “साहेब, दिसायला सारखेच. ओठाला लावले की चौदाच्या चौदा वेगळे.”

त्यांचे म्हणणे मी सौजन्याने ऐकून घेतले. नंतर नियमपुस्तिका काढली आणि टिपणीवर लिहिले की, सामग्रीत एकरूपता असावी, न्यूनतम दर स्वीकारावा, आणि जुने माउथपीस निर्लेखित करून मोडीत काढावेत. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. त्यानंतर या वितीएवढ्याही नसलेल्या वस्तूविषयी मी जे वाचले, वादकांकडून जे ऐकले, ते आधी आपल्यापुढे ठेवतो. ते मला सहीपूर्वी ठाऊक असते तर बरे झाले असते.

पितळी वाद्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात नाद उत्पन्न करणारा भाग वाद्यात नसतोच. सनईला ताडपत्राची पत्ती असते, सतारीला तार असते, तबल्याला कातडे असते. कॉर्नेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन यांना यांपैकी काहीही नाही. तेथे कंप पावतात ते वादकाचे ओठ. पुढची सारी नळी, तिची वळणे, तिचा फुललेला कर्णा, ही केवळ त्या कंपनाला आकार देणारी हवेची वाट. आणि ओठ व ही वाट यांची गाठ जेथे पडते ती जागा म्हणजे माउथपीस. माणूस संपतो आणि धातू सुरू होतो, ती ही सीमारेषा.

या लहानशा वस्तूचे चार भाग मानतात. ओठांवर टेकते ती कड. कडेच्या आत असते ती वाटी. वाटीच्या तळाशी असलेले अरुंद छिद्र म्हणजे गळा. आणि गळ्यापासून पुढे हळूहळू रुंदावत वाद्यात जाणारी नळी. यांतील प्रत्येक भागाचा परिणाम वेगळा. वाटीचा व्यास मोठा असेल तर ओठांचा अधिक भाग मोकळेपणाने कंप पावतो आणि स्वर भरदार होतो. परंतु उंच स्वरांपाशी ओठ लवकर थकतात. वाटी उथळ असेल तर स्वर झळझळीत, धारदार होतो. खोल असेल तर तो गोलाईदार आणि सौम्य होतो. कड रुंद असेल तर ओठांवरील भार विभागला जातो व बसायला ती सुखद वाटते, मात्र ओठांच्या हालचालीला आडकाठी येते. कड अरुंद व टोकदार असेल तर प्रत्येक स्वर स्वच्छ उमटतो, पण ती ओठांत रुतते. थोडक्यात, येथे प्रत्येक सोयीला गैरसोय बांधलेली आहे.

मापे पाहू गेल्यास ट्रंपेटच्या वाटीचा आतील व्यास साधारणपणे १६ ते १७ मिलीमीटर, ट्रॉम्बोनचा सुमारे २५, आणि टूबासारख्या महाकाय वाद्याचा ३२ च्या आसपास असतो. फ्रेंच हॉर्नची वाटी तर वाटी नसून नरसाळेच असते, आणि त्या वाद्याचा जो दूरवरून आल्यासारखा मवाळ स्वर आहे, त्याचे एक मोठे कारण हे नरसाळे होय.

ध्वनिशास्त्राने यात आणखी एक रहस्य उलगडून दाखविले आहे. माउथपीस हाती घेऊन त्याच्या कडेवर तळवा पटकन आपटावा. ‘टप्’ असा एक लहान, पण निश्चित उंचीचा स्वर ऐकू येतो. वाटीतील हवेचा तो स्वतःचा स्वर. ट्रंपेटच्या बाबतीत तो सेकंदाला ८५० कंपनांच्या आसपास असतो. माउथपीस वाद्याला जोडला म्हणजे हा स्वर नळीच्या स्वरांत मिसळून त्यांच्या जागा सारतो. नुसती सरळ नळी ओठांनी वाजविली तर तिच्यातून स्वरांची वेडीवाकडी, मधलीमधली गाळलेली मालिका निघते. एका टोकाला माउथपीस व दुसऱ्या टोकाला फुललेला कर्णा, या दोहोंनी मिळून ती मालिका सुरेल केलेली असते. तेव्हा माउथपीस म्हणजे नुसते तोंडाला लावावयाचे साधन नव्हे; वाद्य सुरात आणणाऱ्या दोन अवयवांपैकी तो एक आहे.

आता इतिहासाकडे वळू. १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर यांना इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाची कबर सापडली. त्या अमाप वस्तुसंभारात दोन सरळ तुताऱ्या होत्या : एक चांदीची, सुमारे ५८ सेंटीमीटर लांब, दुसरी तांब्याच्या मिश्रधातूची, सुमारे ५० सेंटीमीटरची. पातळ पत्र्याचा आकार बिघडू नये म्हणून प्रत्येकीत बसविण्याजोगा लाकडी गाभाही सोबत ठेवलेला होता. इतकी काळजी घेणाऱ्या त्या कारागिरांनी माउथपीस मात्र केला नव्हता. नळीचे अरुंद टोक, त्याला गोल कडे, आणि त्यावर थेट ओठ. अशा तुतारीतून एखाद-दुसरा कणखर स्वर निघतो. इशारा देण्यास, सैन्याला हुकूम पोचविण्यास तो पुरेसा. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की, इजिप्तमधील काही नगरांतील लोकांना तुतारीचा नाद गाढवाच्या ओरडण्यासारखा वाटे आणि म्हणून ते ती वाजवीत नसत.

१६ एप्रिल १९३९ रोजी बी.बी.सी.ने कैरोच्या संग्रहालयातून या तुताऱ्यांचे वादन जगभर प्रक्षेपित केले. वादक होता ब्रिटिश सैन्याच्या अकराव्या हुसार पलटणीतील जेम्स टॅपर्न. नुसत्या टोकावर ओठ ठेवून हवे तसे स्वर निघेनात, म्हणून तुतारीच्या टोकाशी आधुनिक माउथपीस बसविण्यात आला. मग स्वर निघाले, एक छोटी धूनही वाजली, आणि सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा नाद आपण ऐकतो आहोत या कल्पनेने असंख्य श्रोते रोमांचित झाले. प्रक्षेपणापूर्वीच्या प्रयोगांत चांदीची तुतारी भंगली होती व ती दुरुस्त करावी लागली, अशीही हकीकत नमूद आहे. या तुताऱ्यांच्या नशिबी स्वास्थ्य नव्हते. २०११ च्या जानेवारीत कैरोत उसळलेल्या गोंधळात संग्रहालयातून चोरीस गेलेल्या वस्तूंत तांब्याची तुतारी होती, आणि काही आठवड्यांनी ती परत मिळाली.

त्या प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. ऐकताना अंगावर काटा उभा राहतो हे खरे. तथापि जे आपण ऐकतो तो तुतनखामेनच्या काळचा नाद नव्हे. नळी फेरोची, पण ओठांजवळची वाटी विसाव्या शतकातील. माउथपीस बदलला की स्वरांच्या जागा बदलतात, हे आपण वर पाहिलेच. इजिप्शियन वादकाच्या ओठांना त्या तुतारीने जे करू दिले असते त्याहून अधिक काही टॅपर्नच्या ओठांना करता आले, ते त्या परक्या वाटीमुळे. इतिहासाच्या अभ्यासकाने यावरून धडा घ्यावा असे मला वाटते. जुन्या वस्तूला आपल्या सोयीची जोड दिली की ती बोलू लागते, पण मग ती आपलीच भाषा बोलते.

आपल्याकडील शंख, तुतारी, शिंग, केरळातील कोंबू, हिमालयाच्या पायथ्याचे रणशिंग ही सारी याच कुळातील. शंखाचे टोक कापून छिद्र करावयाचे आणि तेथे ओठ टेकवावयाचे. तुतारीचे तोंड नळीलाच जडलेले. येथे निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. जसे तोंड मिळाले तसे ओठ घडवावयाचे. परंतु अशा वाद्यांकडून मोजक्याच स्वरांची अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा ती उत्तम पार पाडतात.

युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत मात्र अपेक्षा वाढल्या. त्या काळी ट्रंपेटला आजच्यासारख्या कळा नव्हत्या. आजच्या वाद्यापेक्षा पुष्कळ लांब अशी साधी नळी, आणि तिच्यातून निसर्गक्रमाने निघतील तेवढेच स्वर. खालच्या पट्टीत हे स्वर एकमेकांपासून दूरदूर असतात. सलग चाल वाजवावयाची तर अगदी वर, जेथे ते जवळजवळ येतात तेथे चढावे लागते. जर्मन भाषिक प्रदेशांत ट्रंपेटवादकांचा एक मानाचा संघ होता आणि १६२३ मध्ये सम्राट दुसरा फर्डिनांड याने त्याला विशेषाधिकार दिले होते. या मंडळींनी माउथपीसचा प्रश्न सोडविला तो मोठ्या शहाणपणाने. त्यांनी माणसांचीच वाटणी केली. ज्याचे ओठ उंच स्वरांना अनुकूल तो वरचा भाग वाजवी, त्याला ‘क्लारिनो’ म्हणत; ज्याचा खालचा स्वर भक्कम तो ‘प्रिन्सिपाल’. ज्याने त्याने आपल्या भागाला साजेल असा माउथपीस वापरावा. उंच स्वर वाजविणाऱ्याकडून खर्ज मागावयाचा नाही आणि खर्ज वाजविणाऱ्याकडून उंची मागावयाची नाही, असा तो करार होता.

तरीही त्या कामाची किंमत शरीरालाच मोजावी लागे. योहान सेबास्टियन बाख यांचा लाइपझिगमधील ट्रंपेटवादक गॉटफ्रीड रायखे याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्री राजाच्या सन्मानार्थ उघड्यावर संगीत झाले. मशालींचा धूर होता, आणि बाख यांनी ट्रंपेटसाठी जे लिहिले होते ते सोपे नव्हते. रायखे तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी तो घराजवळ कोसळला आणि मरण पावला. आदल्या रात्रीचे श्रम व धूर यांमुळे असे झाले, अशी नोंद त्या काळीच झाली. आपल्या वाद्यासह काढलेले त्याचे चित्र आजही पाहावयास मिळते. गालांचे स्नायू भरलेले, नजर शांत.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हाइनरिख श्ट्योल्त्सेल व फ्रीडरिख ब्लूमेल या दोघा जर्मन वादकांनी पितळी वाद्याला कळ बसविण्याची युक्ती काढली. १८१८ मध्ये तिचे स्वामित्वही घेतले. कळ दाबली की नळीची लांबी वाढते आणि गाळलेले स्वर हाती येतात. आता एकाच वादकाला खालपासून वरपर्यंत सलग सप्तक वाजविता येऊ लागले. ही प्रगतीच, पण तिच्याबरोबर जुना करार मोडला. जे काम पूर्वी दोघा-तिघांच्या ओठांत वाटलेले होते ते सगळे एकाच्या ओठांवर, आणि म्हणून एकाच माउथपीसवर, येऊन पडले. उंच स्वरांना उथळ वाटी हवी, खर्जाला खोल हवी. वाटी मात्र एकच. माउथपीस निवडणे हा खऱ्या अर्थाने प्रश्न झाला तो येथून पुढे.

याच सुमारास टपालगाडीच्या साध्या शिंगाला कळा बसून पॅरिसमध्ये कॉर्नेट जन्माला आला. त्याचा माउथपीस ट्रंपेटपेक्षा आखूड, त्याची दांडी बारीक, वाटी खोल; आणि स्वर मृदू व चपळ. या वाद्याचा थोर आचार्य म्हणजे जाँ-बाप्तिस्त आर्बाँ. १८२५ मध्ये जन्मलेला हा वादक १८६९ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयात कॉर्नेटचा प्राध्यापक झाला. त्यापूर्वी १८६४ मध्ये त्याने सिद्ध केलेला अभ्यासग्रंथ आजही जगभरचे विद्यार्थी पुढे ठेवतात. माउथपीस ओठांच्या मधोमध असावा, त्याचा एक तृतीयांश भाग वरच्या ओठावर व दोन तृतीयांश खालच्या ओठावर असावा, असे त्याचे मत. गंमत अशी की, हॉर्नवादक याच्या नेमके उलट करतात, आणि हे आर्बाँला ठाऊक होते. म्हणून आपण सांगतो ती आपल्याला मानवलेली पद्धत आहे, असा विनय त्याने राखला. नियम सांगावा आणि तो कोणासाठी आहे तेही सांगावे, ही मोठ्या शिक्षकाची खूण होय.

मग आला विसाव्या शतकातील माउथपीसचा सर्वांत प्रसिद्ध कारागीर, व्हिन्सेंट बाख. जन्म १८९०, व्हिएन्नाजवळील बाडेन या गावी. मूळ आडनाव श्रोटेनबाख. शिक्षण अभियांत्रिकीचे, ओढ ट्रंपेटची. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले त्या वर्षी तो अमेरिकेत पोचला आणि बोस्टनच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. पुढे दौऱ्यावर असताना पिट्सबर्ग शहरात त्याने आपला माउथपीस एका दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती दिला. त्या गृहस्थाने तो कायमचा बिघडवून टाकला. ज्या वाटीवर आपले ओठ घडले ती गेली, आणि तशीच दुसरी कोठेही मिळेना; कारण त्या काळी एकाच कारागिराचे दोन माउथपीससुद्धा हुबेहूब सारखे निघतील याची शाश्वती नव्हती. बाखने न्यूयॉर्कमधील एका वाद्यविक्रेत्याच्या दुकानामागील जागेत पायाने चालविण्याचे एक कातकाम यंत्र मांडले, आणि १९१८ पासून तो स्वतःच माउथपीस घडवू लागला. आधी स्वतःसाठी, मग सोबत्यांसाठी. पाहता पाहता त्याचा कारखाना झाला, पुढे ट्रंपेटही झाले. १९६१ मध्ये त्याने तो व्यवसाय सेल्मर कंपनीला विकला. १९७६ मध्ये त्याचे निधन झाले.

बाखचे खरे कार्य अचूकतेचे. त्याने मापांना अंक व अक्षरे दिली. अंक जितका लहान तितका वाटीचा व्यास मोठा. अक्षर ‘ए’पासून जसजसे पुढे जावे तसतशी वाटी उथळ. त्याच्या पद्धतीतील ‘सात-सी’ हे माप जगातील बहुतेक नवशिक्यांच्या हाती पहिल्यांदा पडते. त्याचा व्यास १६.२० मिलीमीटर. पुढे पुष्कळजण ज्याकडे वळतात त्या ‘तीन-सी’चा व्यास १६.३०. म्हणजे कागदावर फरक एक दशांश मिलीमीटरचा! इतर मापांतही थोडाफार फरक असतो. पण ज्याच्या डोळ्याला दोन्ही एकसारखे दिसतील, त्याच्याच ओठाला ते दोन वेगळे प्रदेश वाटतात. आपल्या ओठांची आणि जिभेची संवेदना किती सूक्ष्म असते, हे दातात अडकलेल्या एका कुसळाने ज्याला रात्रभर छळले आहे त्याला सांगावयास नको.

येथे मला एका भेदाकडे लक्ष वेधावयाचे आहे. आम्हा कार्यालयीन माणसांच्या हातून तो फार वेळा पुसला जातो. बाखने केले ते प्रमाणीकरण, एकरूपता नव्हे. ज्याच्या त्याच्या ओठांचे माप ज्याला त्याला पुन्हा, हवे तेव्हा, तंतोतंत मिळावे, म्हणून त्याने अंक दिले. त्याच्या यादीत मापे अनेक होती, कारण माणसे अनेक होती. परंतु अंक आला की त्याची सोय कारखान्याला होते, दुकानदाराला होते, आणि भांडारपालालाही होते. वेगवेगळेपण जपण्यासाठी काढलेला अंकच मग सर्वांना एकसारखे करण्याचे साधन होऊन बसतो. शिवाय हे अंक सार्वत्रिकही नाहीत. दुसऱ्या कित्येक कारखान्यांच्या पद्धतीत अंक वाढला की व्यास वाढतो, बाखच्या नेमके उलट. तेव्हा निविदेत नुसता अंक लिहिणे म्हणजे गावाचे नाव न घालता घरक्रमांक लिहून पत्र टाकणे होय.

ओठांची गोष्ट निघाली म्हणून लुई आर्मस्ट्राँगचे स्मरण होते. जाझ संगीतातील हा अद्वितीय ट्रंपेटवादक. ओठांच्या दुखण्याने तो बेजार असे, आणि १९३४ च्या अखेरीस त्याला पॅरिसमध्ये काही महिने वादन थांबवावे लागले. ओठांभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूचे तंतू तुटणे, ही ट्रंपेटवादकांची व्याधी १९८२ मध्ये एका वैद्यकीय लेखात वर्णिली गेली, तेव्हा तिला आर्मस्ट्राँगच्याच टोपणनावावरून नाव देण्यात आले. माउथपीस हे या दुखण्याचे एकमेव कारण नव्हे. अतिश्रम व ओठांवरील फाजील दाब ही मुख्य कारणे. परंतु न जुळणाऱ्या वाटीत स्वर काढण्यासाठी वादक जो पहिला उपाय करतो, तो वाद्य ओठांवर अधिक जोराने दाबण्याचाच असतो. तेथून ओठांची अधोगती सुरू होते.

आपल्या देशात पितळी वाद्ये आली ती मुख्यतः सैन्याच्या वाटेने. इंग्रजी पलटणींच्या वाद्यवृंदांत वाजवून बाहेर पडलेल्या वादकांनी शहरोशहरी बँड उभे केले आणि ते लग्नाच्या वरातीत शिरले. मेरठ येथे १८८५ मध्ये नादिर अली या बँडमास्तरांनी सुरू केलेला व्यवसाय पुढे वाद्यनिर्मितीकडे वळला, आणि देशभरच्या बँडवाल्यांना वाद्ये पुरविणारे शहर म्हणून मेरठचा लौकिक झाला. दुसरी वाट गोव्यातून आली. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत; तेथे तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांतून आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून पोचले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतील एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते गाजले, आणि आर्मस्ट्राँगची छाप त्यांच्या ट्रंपेटवर इतकी की, लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचे वादन आहे. १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले.

या दोन वाटांनी आलेल्या वादकांत एक मोठा फरक राहिला. हॉटेलातील वादक छपराखाली, ठरल्या वेळी वाजवी. वरातीतील वादक लग्नसराईच्या उन्हात, चालत, तासन् तास वाजवितो; वाहनांच्या गोंगाटावर मात करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. त्याच्या माउथपीसची निवड कोणी शास्त्र पाहून केलेली नसते. वाद्याबरोबर जो आला तो, किंवा उस्तादाने मरताना दिला तो. पण वीस वर्षे त्यावर ओठ घडले की तो त्याचा होतो. कडेवरील मुलामा एका बाजूस अधिक झिजतो, कारण त्याचा दात तेथे पुढे असतो. अशी वस्तू बाजारात मिळत नाही.

एखाद्याला माउथपीस निवडावयाचाच असेल, तर जाणकार वादक जे सांगतात ते थोडक्यात असे. प्रथम दांडी वाद्यात नीट बसते की नाही ते पाहावे. ट्रंपेटचा माउथपीस कॉर्नेटमध्ये पुरता जातच नाही आणि मग सारे स्वर उतरतात. कडेवरून बोट फिरवावे. तेथे खाच वा मुलाम्याचा पोपडा असेल तर तो बाजूला ठेवावा. एका बैठकीत दोन-तीनच तपासावेत, कारण पुढे ओठ निवाडा करीनासे होतात. आरंभ मधल्या पट्टीतील लांब स्वरांनी करावा, नंतर खाली जावे, सर्वांत शेवटी वर. ऐकावयास एका माणसाला दूर उभे करावे. वाजविणाऱ्याच्या कानी पडणारा स्वर आणि अंगणापलीकडे पोचणारा स्वर एक नसतो. ताजेतवाने ओठ कोणत्याही वाटीशी जुळवून घेतात, म्हणून थकल्यावर पुन्हा तपासावे. आणि उंच स्वर सहज निघाला एवढ्यावरून भुलू नये. उंची अभ्यासाने मिळते. उथळ वाटीने ती उधार मिळते, आणि त्या उधारीचे व्याज स्वराच्या पोतातून वसूल होते.

हे सारे त्या दिवशी बँडमास्तरांनी आपल्या शब्दांत मला सांगितलेच होते. “चौदाच्या चौदा वेगळे” या तीन शब्दांत रायखे होता, आर्बाँ होता, बाखही होता. ऐकणाऱ्याला ऐकू आले नाही, इतकेच.

नवे माउथपीस आले. चकचकीत, एका मापाचे, ट्रंपेटचे. कॉर्नेटच्या दांडीत ते पुरते बसेनात, म्हणून कानस मारून त्यांच्या दांड्या बारीक करण्यात आल्या. जुने चौदा नग मोडीत गेले. त्यांचे वजन दीड किलोसुद्धा भरले नाही. त्या पथकात बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण कॉर्नेटवादक होता. त्याच्या वाट्याचा जुना माउथपीस त्याच्या वडिलांनी याच पथकात वापरलेला होता. राष्ट्रीय दिनाच्या संचलनाची तालीम चालू असताना त्याचा वरचा ओठ फुटला. बरा झाला, पुन्हा फुटला. मास्तरांनी त्याला महिनाभर विश्रांती दिली, मग आणखी एक महिना. मी बदली होऊन निघण्यापूर्वीच्या शेवटच्या संचलनात तो मला दिसला. पथकाच्या मागच्या रांगेत, हातात झांजा घेऊन तो उभा होता. माझी गाडी जवळून गेली तेव्हा झांजा काखेत धरून त्याने मला नियमाप्रमाणे सलामी दिली.

त्याबद्दल कोणी माझ्याकडे तक्रार केली नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला नाही. दर न्यूनतम होता, कार्यपद्धती निर्दोष होती. त्यानंतर आजवर खरेदीची जी जी टिपणी माझ्यापुढे आली, तिच्यात मी एक रकाना हाताने वाढवीत आलो आहे : वस्तू जो वापरणार त्याचे म्हणणे. नियमपुस्तिकेत असा रकाना नाही. तो भरून आला नाही तर मी प्रकरण परत पाठवितो, आणि शक्य असेल तेव्हा त्या माणसाला बोलावून घेतो. त्याने रुमाल सोडून टेबलावर काही मांडलेच, तर ते सगळे सारखे दिसते, असे मी आता म्हणत नाही.